तुळसाबाईचं मत

“आत येऊ नको, धावजी. माय झोपली हाये,” नागोरावनं दाराच्या चौकटीवर हात आडवा टाकला.

धावजी उंबऱ्याबाहेरच थांबला. “झोपू दे ना बाप्पा. मी कायले उठवू? कपबशीचा माणूस म्हणून हजर राहीन फक्त. हक हाये आमचा.”

“अंगणात उभा राह्य. तेथून दिसते सारं.”

फुलसावंगीच्या पलीकडच्या त्या गावात लोकसभेच्या निवडणुकीनं नुसता वात आणला होता. टपरीवर छत्री निशाणीवाल्यांचा बाक वेगळा, कपबशीवाल्यांचा वेगळा. व्याही व्याह्याशी बोलेना. नागोराव छत्रीचा बूथप्रमुख. आणि त्याची सख्खी माय, अठ्ठ्याऐंशी वर्षांची तुळसाबाई, कपबशीची. अशीतशी नाही, पक्की. त्यानं दारावर छत्रीचं स्टिकर लावलं, की ही खाटेवरून त्याच्या उमेदवाराचा उद्धार सुरू करायची. गावाला फुकटची करमणूक आणि नागोरावच्या डोक्याला ताप.

पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात. परवा पथक आलं तेव्हा तुळसाबाई तालुक्याला सलाईनवर होती. आजची फेरी दुसरी आणि शेवटची. आज हुकलं की मत गेलं, कारण घरून मत मागणाऱ्याला मग केंद्रावर टाकता येत नाही.

त्यात म्हातारीचा उजवा हात लकव्यानं गेलेला. अशा वेळी घरचं माणूस तिच्या वतीनं खूण करू शकतं. घोळ तिथंच होता. घरचं माणूस म्हणजे नागोराव. बुढीचं मत पोरगा छत्रीत घालणार, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं.

“सख्ख्या मायशी दगाबाजी करशीन तं किडे पडतीन,” धावजी म्हणाला.

एरवी नागोराव अंगावर धावून गेला असता. आज त्यानं दार जरा आणखी पुढं ओढलं.

दहाच्या सुमारास जीप आली. पथकप्रमुख अनघा मॅडम उमरखेडच्या एका शाळेत शिकवत. व्हिडिओ काढायला अश्वजित होता. पोलीस शिपाई जीपपाशीच सावली धरून बसला. मॅडमनी आल्या आल्या धावजीच्या गळ्यातला कपबशीचा गमछा काढायला लावला.

नागोरावची बायको वच्छला स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. पदराचा बोळा दातांत धरलेला. सकाळपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्यासमोर चूल थंड पडली होती.

“काय रे नागोराव,” धावजी अंगणातून ओरडला, “मॅडमले चहाही नाही काय तुह्या घरी?”

“चूल नाही पेटली आज.”

“राहू द्या हो, अजून सात घरं आहेत,” अनघा म्हणाली आणि आत गेली.

खोलीत अंधार होता. खिडकीला गोधडी ठोकलेली. कूलर पूर्ण वेगानं घरघरत होता. तुळसाबाई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती, डोक्यावरचा पदर कपाळावर ओढलेला. एक माशी पदरावर बसली, उठली, परत बसली.

“खिडकी उघडू का? उजेड कमी पडतो,” अश्वजित म्हणाला.

“नको भाऊ. झळा येतात. सोसत नाही तिले.”

अनघा खाटेवर वाकली. “आजी, तुमचा मुलगा तुमच्या वतीनं मत टाकेल. चालेल ना?”

म्हातारी गप्प.

“गोळ्यायची गुंगी हाये,” नागोराव उशाशी बसला. त्यानं एक हात उशीखाली घातला. “माय, मॅडम विचारून राह्यल्या. हो म्हण.”

म्हातारीची मान हळूच खालीवर झाली. अनघानं कागदावर तशी नोंद केली.

“आता इथं अंगठा लागेल.”

नागोरावनं पांघरुणाखालून मायचा डावा हात काढला. शाईच्या पॅडवर अंगठा दाबायला अनघानं मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

“बाई गं! किती गार पडलाय हात!”

“कूलरची हवा लागते, मॅडम.”

“जरा कमी करा मग तो. बाधेल त्यांना.”

“करतो,” नागोराव म्हणाला. “तुम्ही गेल्यावर बंदच करतो.”

अंगठा उठला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मतपत्रिका ठेवली गेली. नागोराव पेन घेऊन मागं गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. एका खुणेला इतका वेळ? अश्वजितनं मॅडमकडे पाहिलं. अंगणात धावजीच्या चपला नुसत्या करकरत होत्या.

शेवटी तो आला. पाकीट बंद झालं, पेटीत गेलं. मॅडमनी म्हातारीला नमस्कार केला आणि पथक बाहेर पडलं.

“घातली छत्रीत?” धावजीनं अंगणातच गाठलं.

“मत गुप्त असते, धावजी.”

“बुढी उठल्यावर तिले काय सांगशीन?”

“ती नाही विचारणार.”

धावजी पचकन थुंकला, गमछा झटकून गळ्यात टाकला आणि गावभर सांगायला निघून गेला. जीपचा आवाज नाल्यापलीकडे जाईपर्यंत नागोराव दारात उभा राहिला. मग त्यानं कडी लावली.

वच्छलानं दातांतला पदर काढला. “काल सांजच्याले तिनं तुमचा हात धरून सांगतलं होतं. काय केलं तुम्ही तिच्या मताचं?”

“कपबशीवर खूण केली,” नागोराव म्हणाला. “जिंदगीत पहिल्यांदा.”

त्यानं कूलर बंद केला. घर एकदम शांत झालं. मायच्या अंगठ्याची शाई त्यानं खुंटीवरच्या आपल्या छत्रीच्या गमछ्यानं पुसली, हात पांघरुणात ठेवला आणि कपाळावरचा पदर तिच्या तोंडावरून हनुवटीपर्यंत ओढला.

“सकाळी आठपासून लय धरून ठेवलं तू, वच्छले,” तो म्हणाला. “आता रड.”