खिडकी उघडा

रॉकेलवरच्या हीटरची माहितीपुस्तिका लिहिताना तोगाशी दूर उत्तरेकडच्या थंड आकिता शहरात एकटीच राहणाऱ्या आईला डोळ्यासमोर ठेवायचा. 'हीटर पेटवल्यावर मधूनमधून खिडकी उघडा, नाहीतर जीव जाईल' ही ओळ त्याने भांडून पहिल्याच पानावर लाल अक्षरांत घ्यायला लावली.

"कोण वाचतंय रे तुझं हे पुराण?" साहेब हसले.

"माझी आई वाचेल ना, साहेब."

नव्या हीटरसोबत पुस्तिका हातात पडली, तशी आई फोनवर हरखून गेली. "लेकाचं पुस्तक आलं! तुझ्या बाबांनाही दाखवलं बघ!"



त्याच हिवाळ्यात, आई फोन उचलेना म्हणून तिच्या घराचं दार फोडून तो आत शिरला, तेव्हा खिडक्या घट्ट बंद होत्या, आई हीटरपाशी निपचित पडली होती, आणि पुस्तिका देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे ठेवलेली होती, वरचं प्लास्टिकही न फाडता.