खिडक्या मोजण्याची नोकरी

सकाळी नऊच्या ठोक्याला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी कामावर रुजू झाले. शर्टाखाली पायजमाच होता. घरबसल्या नोकरीत कमरेखाली कोणी विचारत नाही, हे त्यांनी दोन महिन्यांत ताडलं होतं.

समोर मुलगा चहा पीत होता. बाबांचा साहेबही तोच होता. बाबांना हे माहीत नाही, असं तो धरून चालला होता.

गोदामातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांना मध्यंतरी फोनवर एक नोकरी सापडली होती. मुलाखत नाही की काही नाही, आधी नोंदणीचे पैसे भरा. ही खोटी आहे, असं मुलाने तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, म्हाताऱ्याला कोण नोकरी देणार, असंच ना? ते पैसे भरायला निघाले, तेव्हा मुलाने घाईघाईत स्वतःच एक कंपनी काढली आणि त्यांना बरी ऑफर धाडली. इमारतींच्या फोटोंतल्या खिडक्या मोजायच्या. पगार उमेदवारी संपल्यावर. एका खोट्या नोकरीतून सोडवायला दुसरी खोटी नोकरी. तेव्हापासून तो रोज ऑफिसला वाकड्या वाटेने, फोटो काढत जात होता.

आज बाबांनी वाचनालयातून एक पत्रक आणलं होतं: ‘खोटी नोकरी कशी ओळखाल’. चष्मा पुसून ते एकेक खूण वाचू लागले. साहेबाचा चेहरा दिसत नाही. सगळं बोलणं चॅटवर. कंपनीचा पत्ता सापडत नाही. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने टिक केली. मुलाने कप खाली ठेवला. आता सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

“पण शेवटची खूण बघ,” बाबा म्हणाले. “खोटी कंपनी पैसे मागते. आमच्या साहेबांनी एक छदाम मागितला नाही. उलट मी एका फोटोतली बुजवलेली खिडकी पकडली, तर म्हणाले, तुमच्यासारखी नजर नाही. तू कधी म्हणालास?”

मुलाने कप पुन्हा तोंडाला लावला.

रजेचं विचारायला मात्र संकोच वाटतो, बाबा पुटपुटले.

“घरीच तर असता. रजा कशाला?”

बाबांनी आपला फोन पुढे ओढला. एका बोटाने ते बराच वेळ टाइप करत राहिले. मग टेबलाखाली मुलाचा फोन गुरगुरला. बाबांनी मान वर केली नाही.

‘साहेब, उद्या एक दिवस रजा मिळावी. कारण: मुलगा दोन महिने नजर चुकवतोय. त्याला जवळ बसवून विचारायचं आहे.’

मुलाने फोन पालथा मांडीवर ठेवला. बाबा आजच्या फोटोवर वाकले होते. पेन्सिलीचं टोक खिडकीखिडकीवर टेकवत मोजत होते. सतराव्या खिडकीवर ते थांबले.

“या काचेत फोटो काढणारा दिसतोय,” ते म्हणाले. “पण मला फक्त खिडक्या मोजायला सांगितल्यात.”

आणि त्यांनी अठरावर टोक ठेवलं.