पुस्तक कुठं मिटलं?
महानंदाचा मोबाइल वाजताच उत्रेश्वरने तो हिसकावून स्पीकर चालू केला. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत बायकोला कुठल्याशा पुरुषाचे फोन येतात, हे त्याला शेजारणीने सांगितलं होतं. “कोण बोलतंय?” “पालघरहून दिनानाथ, प्रकाशक. नवऱ्याच्या नोकरीसाठी गाव सोडून इथं आलेल्या बायकांसाठीच मी पुस्तकं काढतो. वाचता वाचता पुस्तक कुठं मिटलंत, हे प्रत्येकीला विचारतो.” उत्रेश्वरला हे पटेना. “सांग की, कुठं मिटलंस?” तो महानंदावर खेकसला. महानंदा खाली बघत म्हणाली, “गोष्टीतली बाई आठवड्यात इथं रमते, तिथं. खोटं वाटलं. मी अजून रोज रडते.” “बरं झालं सांगितलंत, ताई. लेखिकेला ते पान बदलायला सांगतो,” म्हणत दिनानाथने फोन ठेवला. बाहेर त्याला न्यायला आलेली कारखान्याच्या शिफ्टची बस हॉर्न देत होती. उत्रेश्वर हलला नाही. “मला का नाही सांगितलंस?” “त्यांनी विचारलं,” ती म्हणाली.