तिसरी किल्ली

भाडेकरूकडून घर परत घेताना मी यादीतली एकेक गोष्ट ताडून बघतो. मावशींनी सगळं लख्ख ठेवलं होतं, पण लॅचच्या तीनपैकी दोनच किल्ल्या दिल्या. “तिसरी?” मी विचारलं. “लेकाकडे आहे. चार वर्षांपूर्वी रागानं निघून गेला, तेव्हा त्याच्या खिशात होती.” “मग लॅच बदलावं लागेल, मावशी. नवी माणसं येणार, त्यांना घोर नको.” त्यांचा चेहरा पडला. गुडघे दुखत असूनही ही बाई चार वर्षं तीन जिने का चढत राहिली, ते आत्ता डोक्यात शिरलं. आता त्या लेकीकडे राहायला चालल्या होत्या. मी स्क्रू काढले आणि जुनं लॅच त्यांच्या हातात ठेवलं. “हे लेकीच्या दाराला बसवा. पोराची किल्ली तिथं चालेल.” दारातल्या भोकाकडे बघत त्या म्हणाल्या, “चालेल हो. पण येणार तो इथंच ना?”