छातीवरचा बिल्ला

ताई एक्स-रे विभागात कामाला होती. भिंतीतून किरण झिरपतात, अशी तिची तक्रार होती. पण किरण मोजणारा तिच्या छातीवरचा बिल्ला दर वेळी शून्यच दाखवायचा.

"मन चिंती ते वैरी न चिंती," म्हणून साहेब हसायचे.

पुढे तिच्या रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांचाच चेहरा उतरला. तेव्हा ताईने तो बिल्ला धाकट्या भावाच्या प्रयोगशाळेत नेला. भावाने त्यातला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक पुन्हा पुन्हा तपासला आणि मान खाली घातली.

"भेसळ निघाली ना रे?"



"भेसळच नाहीये, ताई. मुद्दाम कणभर कार्बन मिसळला, तरच हा स्फटिक किरणांची खूण धरून ठेवतो. तुझा पार शुद्ध आहे."