पायरीचा दगड

नात जन्मली तेव्हा आजी फणकारली होती, "हिच्याऐवजी दगड झाला असता, तर पायरीला तरी लागला असता!" पुढे नात दगडच गोळा करत फिरायला लागली, तेव्हा आजीने कपाळाला हात लावला.

सुट्टीला आलेली नात आज दारातली पायरी घासता घासता ओरडलीच. दगडात एक गुंडाळलेला शंख होता, आत ओळीने कप्पे.

"आजी, नॉटिलॉइड! समुद्रातला प्राणी, कप्प्यांत हवा भरून तरंगायचा हा. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली ही पायरी समुद्राचा तळ होती!"

आजी बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसली. संध्याकाळी शेजारीण आली, तशी आजी गरजली, "खबरदार पाय ठेवलास तर! उडी मारून ये."

"अहो काकू, दगडच तर आहे!"

"दगडाची किंमत कळायला घरात मुलगी जन्मावी लागते!"