जिवापाड

“आज पॅड बांधू नकोस, क्लेटन. टोपी घाल आणि माझ्या शेजारी उभा राहा.”

एवढं बोलून ब्रॅनक कोच निघून गेले आणि खोलीत एकच गलका झाला. अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधीची ही शेवटची सराव मॅच. उद्या सकाळी टीम पक्की होणार. ज्याचं नाव उडालं, त्याला डावपेचांची फाईल घेऊन, ती परत करायला, कोचच्या खोलीत बोलावणं. आजच्या मॅचमध्ये हाडं झिजवतात ती सगळी अधांतरी लटकलेली माणसं. ज्यांची जागा पक्की, ते टोपी घालून कडेला सूर्यफुलाच्या बिया चघळत उभे राहतात. हे तिथल्या पाणी देणाऱ्यालासुद्धा ठाऊक असतं.

“सुटलास की रे, म्हाताऱ्या!” सेफोने त्याच्या पाठीत धपाटा घातला. सेफो म्हणजे दारातून आडवा होऊन जावं लागेल असा गडी, पण त्याचंही नाव अधांतरीच. “मी तर आज पायच मोडून घेणार बघ. दुखापतीच्या माणसाला काढता येत नाही ना, बरा होईस्तोवर क्लबनेच पोसायचं. आहे की नाही डोकं?”

सगळे हसले. क्लेटन तर जरा जास्तच हसला. छत्तिशी उलटलेला क्वार्टरबॅक तो. चेंडू फेकून जो डाव चालवतो तो क्वार्टरबॅक खरा, पण हा दुसऱ्या नंबरचा, म्हणजे पहिल्याला काही झालं तरच मैदानात. आणि यंदा तीही जागा मागायला मायलो नावाचा एक दांडगा पोरगा आला होता. खुर्ची एक, माणसं दोन. क्लेटनने कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला.

“मर्ना, टोपी!”

“देवा रे! थट्टा करत असशील तर बघ हं.”

“अगं, कोच स्वतः म्हणाले.”

“मग मी येता येता पडदेच घेऊन येते.”

नवऱ्यामागे गावं बदलून ती विटली होती. तिला सातवा महिना लागला होता, बाळ यायचं होतं, तरी या घराच्या खिडक्यांना तिने अजून चादरीच अडकवल्या होत्या. जागा पक्की झाल्याशिवाय पडदे लावणार नाही, असं तिने बजावलं होतं.

मॅच सुरू झाली. ऑगस्टचं ऊन नुसतं भाजत होतं. पहिल्या नंबरचा रूर्क टोपी घालून पार रेषेवर उभा होता, बिया थुंकत होता. क्लेटन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तर कोचनी त्याचा दंड धरून मागे ओढलं.

“रेषेपासून लांब राहा.”

जरा वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर चक्क खेकसले. रूर्कला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. खरं तर रूर्क म्हणजे टीमचा प्राण. क्लेटनच्या तोंडातली बी एकदम खारट लागायला लागली.

तेवढ्यात मैदानात मायलोला दोघांनी असा आडवा केला की तो बराच वेळ उठलाच नाही. क्लेटनने बाकावरचं हेल्मेट उचललं. “कोच, मी जातो. दोन मिनिटांत पॅड बांधतो.”

“ठेव ते खाली!”

“पण त्या पोराला श्वास लागलाय.”

“ठेव म्हणतो ना! तुला काही झालं तर मी काय करू?”

इतक्या वर्षांत क्लेटनची इतकी काळजी कुणी केली नव्हती. त्याने हेल्मेट ठेवलं. मायलो उठला, गवत थुंकला आणि पुन्हा खेळायला लागला. कोच डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होते. पोरगा मार खाऊन पुन्हा उभा राहतो की नाही, तेच त्यांना बघायचं होतं.

पुढच्याच डावाला चेंडू घेऊन पळणारा गडी आणि त्याच्या अंगावर दोघे असा गाडा रेषा ओलांडून थेट यांच्यावर आला. रूर्क उडी मारून बाजूला झाला. साठीचे ब्रॅनक कोच मात्र क्लेटनच्या पुढे झाले, त्याला दोन्ही हातांनी मागे लोटलं आणि स्वतः त्या ढिगाऱ्याखाली गेले.

चष्मा उडाला, कोपर सोलून निघालं. पण वर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, “क्लेटन, तुला लागलं का?”

क्लेटन गवतावर उताणा पडला होता. त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, कळवळून म्हणाला, “गुडघा गेला, कोच.”

ब्रॅनकांचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही, नाही. आज नको रे बाबा! एक दिवस... फक्त आजचा दिवस धड राहायचं होतंस!”

क्लेटनला तेवढं पुरलं. तो उठला, पँट झटकली, गुडघा वाकवून दाखवला. “गंमत केली.”

“गाढवा!” कोचनी केवढा तरी श्वास सोडला आणि त्याचा गाल थोपटला. मनापासून आनंद झाला होता हो त्या माणसाला.

“उद्या फाईल घेऊन किती वाजता येऊ?” क्लेटनने विचारलं.

कोच गवतातला चष्मा उचलून पुसायला लागले.

“नऊला,” ते म्हणाले. “मागच्या दाराने ये. पुढे वार्ताहर असतात.”

वरच्या रांगेत मर्ना उभी राहून टाळ्या वाजवत होती. कोचनी तिच्या नवऱ्यासाठी अंग झोकून दिलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तिने पिशवीतून पिवळा पडदा काढला आणि आवडला का म्हणून दोन्ही हातांनी उंच धरला.

क्लेटनने खालून छान आहे अशी खूण केली.